तोड्याचा दिवस: जुन्नरमधील तरकारीच्या शेतावरील प्रकल्प नोंदी, मार्च–एप्रिल 2024

2 मार्च 2024, शनिवार

आमचे शेत जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ मीना नदीच्या खोऱ्यात आहे. यंदाच्या उन्हाळी हंगामात दोन एकरांवर तरकारी उभी आहे: भेंडी वीस गुंठे, काकडी पंधरा गुंठे, वांगी दहा गुंठे, गवार दहा गुंठे आणि 5 फेब्रुवारीला लावलेली टोमॅटोची पंचवीस गुंठ्यांची बाग. लागवड, खते आणि फवारणी यांची वही आमच्या घरात वडिलांच्या काळापासून नियमाने लिहिली जाते, परंतु तोडा कसा झाला, कोणता माल किती वाजता तुटला, तो बांधावर किती वेळ पडून राहिला आणि गाडीत चढेपर्यंत त्याचे काय झाले, याची एक ओळही त्या वहीत सापडत नाही. तोडा सुरू झाला की लिहायला सवड नसते, हे त्याचे कारण आहे आणि ते खरेही आहे.

गेल्या उन्हाळ्यातील वाशीच्या पट्ट्या, म्हणजे तिथल्या बाजारातून येणाऱ्या विक्रीच्या पावत्या, मी चाळल्या. घरच्या काट्यावरचे वजन आणि पट्टीवरचे वजन यांत भेंडीच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक वेळी तूट दिसते. ती तूट बाजारात होते, असे आम्ही आजवर गृहीत धरले होते. यंदा ती आधी शेतातच होते का, हे तपासायचे आणि होत असेल तर तोड्याच्या दिवसाची मांडणी बदलून ती किती कमी करता येते, हे पाहायचे ठरवले आहे. बाजारभाव आवकेप्रमाणे रोज हलतो, त्यामुळे प्रकल्पाचे मोजमाप रुपयांत न करता किलो, तास आणि तापमान यांतच करायचे आहे.

साहित्य म्हणून साठ किलोचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, फळात खुपसण्याचा थर्मामीटर, भिंतीवरचे दोन साधे थर्मामीटर आणि एक शाळकरी वही एवढे जमा केले आहे.

9 मार्च 2024, शनिवार

आज कोणताही बदल न करता नेहमीच्या पद्धतीने तोडा होऊ दिला आणि मी फक्त घड्याळ घेऊन मागे फिरलो. भेंडीचा हा दुसराच तोडा असल्याने माल थोडा होता.

बायका घरचे पाणी, स्वयंपाक आणि मुलांचे डबे उरकून नऊच्या सुमारास आल्या. तोडलेली भेंडी आधी लुगड्याच्या ओटीत, ओटी भरली की घमेल्यात आणि घमेले भरले की बांधावर पसरलेल्या गोणपाटावर, असा तिचा प्रवास असतो. गोणपाटावर ढीग वाढत जातो आणि शेवटची ओळ संपली की सगळा माल एकदम घरापुढच्या पडवीत आणला जातो. सव्वानऊला तुटलेली भेंडी पडवीच्या सावलीत आली तेव्हा घड्याळात एक वाजायला पाच मिनिटे कमी होती, म्हणजे तिने तीन तास चाळीस मिनिटे उन्हात काढली होती. ढिगाच्या पोटात थर्मामीटर घातला तर पारा 37 अंशांवर गेला, आणि त्याच वेळी पडवीतली हवा 33 अंशांवर होती.

ढिगाचे तापमान हवेपेक्षा जास्त का, हा प्रश्न भावाने विचारला. तोडलेले फळ झाडापासून सुटले तरी श्वसन करीतच असते, आणि त्या श्वसनात साखर खर्च होऊन उष्णता बाहेर पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुपटीच्या पुढे जातो. भेंडी तर कोवळी असतानाच तोडली जात असल्याने तिचे श्वसन फार जोरात चालते. वरून ऊन आणि आतून स्वतःची ऊब, अशी दोन्हीकडून ती तापते. कोंडलेल्या कडब्याच्या गंजीत हात घातल्यावर जी ऊब लागते, तोच प्रकार इथे काही तासांत घडतो.

घरच्या काट्यावर भेंडी 52 किलो भरली.

11 मार्च 2024, सोमवार

पट्टी आली. वजन 48 किलो आहे. वाशीला माल रात्री पोहोचतो, काट्यावर पहाटे चढतो आणि अपूर्णांक सोडले जातात, हे सगळे मान्य केले तरी चार किलोंचा हिशेब त्यातून लागत नाही.

त्याच दिवशी एक छोटी चाचणी घेतली. एकाच ओळीतून तोडलेल्या भेंडीचे प्रत्येकी पाच किलोचे दोन क्रेट भरले, एक बांधावर उन्हात ठेवला आणि दुसरा कडुलिंबाखाली. चार तासांनी उन्हातला क्रेट 4 किलो 640 ग्रॅम आणि सावलीतला 4 किलो 880 ग्रॅम भरला. गेलेले वजन म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच आहे, आणि पाणी गेलेली भेंडी बोटांत धरली की रबरासारखी वाकते, तिचे टोक पटकन मोडत नाही. गिऱ्हाईक भेंडीचे टोक मोडूनच पाहते, त्यामुळे ही घट वजनाची आहे तशीच प्रतीचीही आहे.

20 मार्च 2024, बुधवार

तोडलेला माल गार ठेवण्यासाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष, म्हणजे विजेशिवाय गार राहणारी विटांची टाकी, बांधून झाला. ही रचना नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झालेली आहे आणि तिच्यात यंत्र म्हणावे असे काहीच नाही. विटांच्या तळावर साडेसात सेंटीमीटर अंतर ठेवून दुहेरी भिंत रचायची, मधल्या पोकळीत नदीची चाळलेली वाळू भरायची, विटा आणि वाळू सतत ओली ठेवायची आणि वर झाकण घालायचे. मडक्यातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने आतली जागा गार होते: ओल्या विटांवरून पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते. मूळ आराखड्यातील मापाप्रमाणे, म्हणजे तळ सुमारे 165 सेंटीमीटर लांब व 115 रुंद आणि भिंती साडेसदुसष्ट उंच अशी ही टाकी आम्ही बांधली, आणि तिला जवळपास चारशे विटा लागल्या. विटा जुन्या गोठ्याच्या होत्या. सिमेंट वापरलेच नाही, कारण वीट जितकी सच्छिद्र राहील तितके काम चांगले होते.

झाकण बांबूच्या कामट्यांवर गोणपाट शिवून केले आहे. वर उसाच्या पाचटाचे छप्पर घातले आहे आणि पश्चिमेची बाजू वाऱ्यासाठी मोकळी सोडली आहे. शेतीपंपाची थ्री फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री येत असल्याने पाणी देण्यासाठी पंपावर अवलंबून राहता येत नाही, म्हणून उंचावर दोनशे लिटरचा पिंप ठेवून ठिबकची जुनी नळी भिंतीच्या माथ्यावरून फिरवली आहे.

बांधकामाच्या दुसऱ्या दिवशी गोणपाटाखाली विंचू निघाला. ओली वीट, अंधार आणि गारवा ही जागा त्यालाही आवडणारच. झाकण काढण्याआधी काठीने आपटायचे, असा नियम त्या दिवसापासून केला आहे.

26 मार्च 2024, मंगळवार

काल धुळवड असल्याने तोडा नव्हता. गेल्या पाच दिवसांतील दुपारी तीनच्या नोंदींनुसार छपराखालची हवा 36 ते 38 अंश आणि कक्षाच्या आतील तापमान 25 ते 27 अंश राहिले आहे.

यापेक्षा गार का होत नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. मी थर्मामीटरच्या गोळ्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, तेव्हा पारा 21 अंशांवर थांबला. बाष्पीभवनाने होणाऱ्या गारव्याची त्या वेळच्या हवेतील ही शेवटची पायरी आहे, तिच्याखाली हा कक्ष कधीही जाणार नाही, आणि हवेत दमटपणा वाढला की ही पायरीही वर सरकणार आहे. एका अर्थी हे बरेच आहे, कारण भेंडी, काकडी आणि वांगी ही उष्ण हवामानाची पिके आहेत आणि शीतगृहातील फार कमी तापमानात त्यांच्यावर डाग पडतात, काकडी पाणथळ होते. या कक्षात त्या दुखापतीचा धोका नाही.

अडचण वेगळीच आहे. कक्षात साधारण शंभर किलो माल मावतो, आणि आमचा चांगल्या दिवसाचा तोडा तीनशे किलोंच्या पुढे जातो. एवढा खटाटोप करून बांधलेली टाकी एक तृतीयांश मालालाही पुरत नाही, हे गणित मी विटा रचण्यापूर्वी करायला हवे होते.

1 एप्रिल 2024, सोमवार

जागा कमी पडते म्हटल्यावर माल मुळात तापूच नये, हाच उपाय उरतो, आणि त्यासाठी तोडा लवकर सुरू व्हायला हवा. म्हणून आज तोडणीला येणाऱ्या सहाही बायकांशी ओट्यावर बसून बोललो. मी पहाटे साडेपाचची वेळ सुचवली आणि ती त्यांनी लगेच नाकारली. पहिले कारण बिबट्याचे होते. आमच्या भेंडीच्या उत्तरेला शेजाऱ्यांचा ऊस आहे, आणि जुन्नर भागात उसाला बिबट्याचे घरच म्हणतात. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे, इतका तो इथल्या रोजच्या जगण्याचा भाग झाला आहे. वाकून काम करणारे माणूस त्याला लहान जनावरासारखे दिसते, हे वनविभागाची माणसे गावोगाव सांगत असतात, आणि तोडणीचे काम तर वाकूनच करायचे असते. त्या सहा जणींतल्या मावशी म्हणाल्या, "भेंडी सुकली तर दोन पैसं कमी येतील बाबा, पण उजाडल्याबिगर आम्ही त्या रानात पाय घालायच्या न्हाई." यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

दुसरे कारण घरच्या कामांचे होते. शेवटी असे ठरले की दिवस उगवल्यावर सर्वांनी एकत्र यायचे, साधारण पावणेसातला काम सुरू करायचे, साडेबाराला सुट्टी करायची आणि रोज, म्हणजे मजुरी, मात्र पूर्ण दिवसाचा द्यायचा. तास कमी आणि रोज तोच, हे भावाला सुरुवातीला पटले नाही. परंतु दुपारच्या उन्हातील दोन तासांत किती माल निघतो, हे 9 मार्चच्या वहीत मांडलेले होते: दिवसाच्या एकूण तोड्याच्या जेमतेम सहावा हिस्सा.

पिकांचा क्रम भेंडी, काकडी, गवार, वांगी असा लावला. भेंडी सर्वांत आधी, कारण तीच सर्वांत लवकर सुकते. शिवाय बायकांनी आणखी एक कारण सांगितले, जे माझ्या लक्षात आले नव्हते: भेंडीच्या लवेची खाज घाम आला की असह्य होते, म्हणून ती गारव्यातच तोडलेली बरी. पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट त्या घालतातच. मी सुती हातमोजे आणले आहेत, पण त्यांत कोवळ्या देठाचा अंदाज येत नाही अशी तक्रार असल्याने मोज्यांची बोटे पुढून कापून दिली.

6 एप्रिल 2024, शनिवार

नव्या वेळेचा तिसरा तोडा. भेंडी 121 किलो. पुढचा तोडा सोमवारी असायला हवा होता, परंतु सोमवारी सोमवती अमावास्या आहे, तीन बायका जेजुरीला जाणार आहेत, आणि मंगळवारी पाडवा आहे. म्हणजे मधे चार दिवसांचे अंतर पडणार. भेंडीला हे अंतर झेपत नाही, पण खंडोबापुढे भेंडीचे वेळापत्रक चालत नाही.

10 एप्रिल 2024, बुधवार

आजचा दिवस पूर्ण लिहून ठेवतो, कारण ठरवलेली मांडणी अडचणीच्या दिवशी टिकते का, हे आजच कळणार होते.

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी दिवस उगवला. मी पिंप भरून कक्षाला पाणी दिले तेव्हा आतले तापमान 21 अंश होते. पावणेसातला बायका आल्या, परंतु सहाऐवजी चारच, कारण जेजुरीहून परतलेल्या दोघींची गाडी रात्री उशिरा पोहोचली होती. भावजय आणि मी अशी दोन माणसे घरातून धरली.

भेंडीकडे जाताना चारीच्या ओल्या मातीत ठसे दिसले. ते कालचे की पहाटेचे हे सांगता आले नाही, पण कुत्र्याचे नव्हते, कारण नख्यांच्या खुणा उमटलेल्या नव्हत्या. मावशींनी तिथूनच सर्वांना माघारी वळवले. उसाच्या कडेची भेंडी आता नको, ऊन नीट वर येऊ दे, तोवर घराजवळचे वांगे उरकू, असा निर्णय त्यांनीच घेतला. मोबाईलवर मोठ्या आवाजात भजने लावली गेली. अशा रीतीने दोन आठवडे विचार करून लावलेला क्रम सात वाजण्याच्या आतच उलटा झाला.

वांग्याचा तोडा कात्रीने करतात, कारण ओढून काढले की फांदी चिरते आणि देठ फळावर नीट राहत नाही. फळावर चकाकी आहे तोवरच ते तोडायचे. चकाकी गेली की बी तयार झाले असे समजायचे. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचे छिद्र असलेली फळे वेगळ्या घमेल्यात घेतली आणि ती बांधावर न टाकता खड्ड्यात पुरली, कारण बांधावर टाकलेल्या फळातील अळी कोषात जाऊन पुन्हा त्याच बागेत पतंग होऊन येते. पाऊण तासात 64 किलो चांगली वांगी निघाली. एकंदरीत वांग्याची साल मेणचट असल्याने त्याला थोडा उशीर झालेला चालतो, आणि आज त्याचाच वेळ आधी गेला.

आठला पाच मिनिटे असताना सर्वजण भेंडीत शिरलो. चार दिवसांच्या खंडाचा परिणाम पहिल्याच ओळीत दिसला. फूल उमलल्यापासून पाचसहा दिवसांत भेंडी तोडायला येते आणि त्यानंतर दोन दिवसांतच तिच्यात धागा धरतो. प्रत्येक झाडावर एकदोन कोवळ्या शेंगांच्या खाली एखादी वीतभर लांब, निबर शेंग लटकत होती. ती विकता येत नाही, तरीही तोडावीच लागते, कारण झाडावर बी पक्व होऊ लागले की झाडाचा सगळा जोर तिकडे जातो आणि नवीन फुले कमी लागतात. त्यामुळे आज न विकल्या जाणाऱ्या मालाच्या तोडणीलाही तेवढाच वेळ लागला. चांगली भेंडी 118 किलो आणि निबर 57 किलो निघाली. निबर भेंडी गाईंपुढे गेली. संकरित वाण असल्याने बियाण्यासाठीही तिचा उपयोग नाही.

तोडणीची पद्धत आज बदललेली होती. ओटी बंद करून प्रत्येकीला आतून कापड लावलेली बादली दिली आहे, कारण ओटीत माल अंगाच्या उबेने तापतो आणि चालताना दाबला जातो, आणि दाबलेल्या भेंडीच्या शिरा दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात. बादली भरली की ती ओळीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या हिरव्या शेडनेटखालच्या क्रेटमध्ये रिकामी करायची, आणि दर अर्ध्या तासाने मी हातगाड्यावर क्रेट घेऊन पडवीत जायचे, असे ठरले होते. भेंडी ते पडवी हे अंतर अडीचशे पावलांचे आहे. मीही तोडणीला लागल्यामुळे फेऱ्या चुकल्या. नऊची फेरी साडेनऊला झाली. तरीही कोणत्याही क्रेटला तोडल्यापासून पडवीपर्यंत सत्तर मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत. साडेनऊला भेंडीच्या क्रेटचे तापमान 29 अंश होते. 9 मार्चच्या 37 अंशांशी तुलना केली तर त्यातील बराचसा फरक कक्षात एक क्रेटही न जाता पडला होता.

दहाला न्याहारी झाली. भाकरी, पाडव्याची उरलेली पुरणपोळी आणि ठेचा.

सव्वादहाला काकडी. काकडी पानाआड लपते, म्हणून दोघींनी वेल हाताने उचलायचा आणि तिसरीने तोडायचे, अशी पद्धत बसली आहे. फळाला बोटाच्या पेराएवढा देठ ठेवावा लागतो, अन्यथा त्या टोकातूनच पाणी जाते आणि सडही तिथूनच सुरू होते. चार दिवसांत काही काकड्या फुगून पिवळसर झाल्या होत्या आणि त्या वेगळ्या काढल्या. 131 किलो माल निघाला. अकरानंतर तोडलेल्या काकडीत थर्मामीटर खुपसला तर तो 33 अंश दाखवत होता. काकडीत बहुतांश पाणीच असल्याने ती एकदा तापली की लवकर निवत नाही. कक्षात कोणाला जागा द्यायची, हा प्रश्न या आकड्याने सोडवला. सकाळची भेंडी पडवीच्या सावलीत बरी राहिली असती, परंतु उशिरा तुटलेल्या काकडीला गारव्याची खरी गरज होती, म्हणून चार क्रेट काकडी आणि एक क्रेट भेंडी कक्षात ठेवली.

गवार राहून गेली. साडेअकराला तिच्यात हात घातला, पण एका बाईला तासाभरात तीनचार किलोंपेक्षा जास्त गवार तोडता येत नाही. साडेबाराला ठरल्याप्रमाणे काम थांबवले, तेव्हा पाच हातांनी मिळून 16 किलो झाली होती आणि अर्धा वाफा शिल्लक होता. अजून एक तास थांबा असे सांगण्याचा मोह झाला. सांगितले नाही. वेळेचा शब्द पहिल्याच अडचणीला मोडला तर पुढच्या आठवड्यात पावणेसातला कोणी येणार नाही.

दुपारी भावजय, आई आणि मी पडवीत प्रतवारीला बसलो. भेंडी तीन ढिगांत गेली: बोटाएवढी सरळ, थोडी लांब किंवा वाकडी, आणि घरी ठेवायची. क्रेटच्या तळाला आणि बाजूंना वर्तमानपत्र लावले. माल ताजा दिसावा म्हणून भेंडीवर पाणी शिंपडण्याची आमच्याकडे सवय होती. ती मार्चअखेर बंद केली आहे, कारण ओली भेंडी बंद गाडीत काळी पडते. त्याऐवजी पिळलेले गोणपाट मालाला न टेकेल असे क्रेटच्या रचाईवर ताणून टाकतो.

तीन वाजता हवा 38, पडवी 34, कक्ष 26. काकडी चार तासांत 33 वरून 27 वर आली होती. संध्याकाळी साडेपाचला गावातला पिकअप आला. तो पाचसहा घरांचा माल भरून माळशेज घाटातून वाशीला जातो. आमची भेंडी त्याच्यात चढली तेव्हा काट्यावर 117 किलो होती. सकाळपासूनची घट एक किलो.

11 एप्रिल 2024, गुरुवार

पट्टीवर भेंडी 115 किलो आणि काकडी 129 किलो आहे. पहिल्या प्रतीची भेंडी अडत्याने वेगळी लावून विकली, असे फोनवर सांगितले. गवारीचा उरलेला अर्धा वाफा आज तोडला. त्यातल्या शेंगा एका दिवसात इतक्या जाड झाल्या होत्या की निम्म्या घरीच ठेवल्या.

काल एका हाताची कमतरता नक्की कुठे भासली, हे वहीवरून स्पष्ट दिसते. तोडणाऱ्या माणसांची संख्या सहाच होती, म्हणजे नेहमीइतकीच. कमी पडला तो फक्त माल वाहणारा. यापुढे कितीही घाई असली तरी हातगाड्याच्या माणसाने झाडाला हात लावायचा नाही.

15 एप्रिल 2024, सोमवार

टोमॅटोचा पहिला तोडा काल झाला, लागवडीनंतर 69 दिवसांनी. नारायणगावच्या टोमॅटो बाजारासाठी वीस किलोचे क्रेट भरतात, आणि लांबच्या व्यापाऱ्यांना टोकाला नुकताच रंग फुटलेला माल हवा असतो, तर स्थानिक विक्रीला लाल चालतो. सात क्रेट निघाले. बाजाराला नेण्याइतका माल नसल्याने लाल फळांचे दोन क्रेट रात्रभर शीतकक्षात ठेवले.

ही माझी चूक झाली. कक्षात परवाच्या तोड्यातील काकडीचे दोन क्रेट आधीच होते. पिकणारा टोमॅटो इथिलीन वायू सोडतो, आणि झाकलेल्या टाकीत तो कोंडून राहतो. आज सकाळी उघडले तेव्हा काकडीची हिरवी साल फिकी पडलेली होती, काहींचे देठ पिवळे झाले होते. एका रात्रीच्या इथिलीनने एवढे झाले की काकडी आधीच दोन दिवसांची असल्याने झाले, हे वेगळे सांगता येत नाही, परंतु दोन्ही पुन्हा एकत्र ठेवायचे नाहीत. तसेही टोमॅटोला या कक्षाची गरज नाही. त्याला पडवी पुरते. उलट तीस अंशांच्या वर त्याचा लाल रंग नीट भरत नाही, म्हणून त्याला फक्त उन्हापासून वाचवायचे.

20 एप्रिल 2024, शनिवार

काल संध्याकाळी वळिवाचा पाऊस झाला. आज दुपारी हवा 34 अंश आणि कक्ष 28, म्हणजे फरक सहाच अंशांवर आला. ओल्या फडक्याचा थर्मामीटर 25 दाखवत होता, त्यामुळे यापेक्षा जास्त अपेक्षा करणे चुकीचे ठरले असते. जूनमध्ये हा कक्ष रिकामा करून वाळू उन्हात वाळवायची आहे.

भेंडी आज 109 किलो. कोणताही क्रेट उन्हात पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त राहिला नाही आणि घरच्या काट्यावरची दिवसभराची घट पाऊण किलो आहे.

काम सुटताना मावशींनी सुचवले की शेडनेट भेंडीच्या दक्षिणेच्या टोकाला असल्यामुळे उत्तरेकडच्या ओळींतून भरलेली बादली घेऊन पूर्ण शेत ओलांडावे लागते, आणि तेवढे चालणे नको म्हणून सगळ्याजणी बादली काठोकाठ भरेपर्यंत थांबतात. हे इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर घडत होते आणि वहीत कुठेही आले नव्हते. शेडनेट भेंडी आणि काकडीच्या मधल्या पायवाटेवर हलवायचे आहे. चार खांबांसाठी खड्डे उद्या सकाळी घेतो, कारण सोमवारी पुन्हा तोडा आहे.